प्रज्योत पेटते कशी? तांबरमच्या विजेच्या गाडीपासून प्लाझ्मा कटरपर्यंत

मद्रास बीच ते तांबरम या सुमारे 29 किलोमीटरच्या मीटरगेज मार्गावर 11 मे 1931 पासून विजेवर चालणाऱ्या उपनगरी गाड्या प्रवाशांच्या सेवेत दाखल झाल्या. साउथ इंडियन रेल्वे कंपनीने हा मार्ग 1,500 व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर उभारला होता. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला हा हार्बर मार्ग 3 फेब्रुवारी 1925 रोजी याच दाबावर सुरू झाला होता. मद्रासची पाळी सहा वर्षांनी आली आणि तांबरम हे त्या काळचे शहराबाहेरचे स्थानक विजेच्या नकाशावर आले.

या गाड्यांबरोबर एक नकोसा सोबतीही आला. छतावरचा पँटोग्राफ तारेपासून क्षणभर सुटला किंवा डब्याखालचा संपर्क-स्विच उघडला, की दोन धातूंच्या मधल्या हवेत निळसर-पांढरी ज्योत उभी राही. तारेचा तांब्याचा पृष्ठभाग तिने झिजे, स्विचची टोके तिने जळत. विद्युत् प्रज्योत, म्हणजे कारखान्याच्या भाषेत आर्क, लवकरात लवकर विझवणे हे रेल्वेच्या विद्युत् अभियंत्याचे कर्तव्यच होते.

आज चेन्नईच्या दक्षिण उपनगरांतील एखाद्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये नेमकी उलट तक्रार ऐकू येते. प्लाझ्मा कटरच्या टॉर्चचे बटण दाबले, हवा सुटली, यंत्रातून टिकटिक आवाज आला, तरी आर्क पडत नाही. एका ठिकाणी जी प्रज्योत विझता विझत नाही, तीच दुसऱ्या ठिकाणी पेटता पेटत नाही, हे कसे? या प्रश्नाचे उत्तर सव्वादोनशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे. तो इतिहास ठाऊक असला, तर बिघाड शोधण्याचा क्रमही आपोआप कळतो.

▪ हवेची भिंत

हवा ही विजेची दुर्वाहक आहे. तिच्यातून प्रवाह जायचा, तर तिच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे व्हावे लागतात. जर्मन भौतिकीविज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी 1889 मध्ये या भिंतीची उंची मोजली. दोन विद्युत् अग्रांमधील अंतर आणि वायूचा दाब यांच्या गुणाकारावर ठिणगी पडण्याचा विद्युत् दाब अवलंबून असतो, असे त्यांना आढळले. नेहमीच्या वातावरणीय दाबाला 1 मिलिमीटर अंतर ओलांडण्यास 3,000 व्होल्टहून अधिक दाब लागतो. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी, की हवेसाठी या नियमाला एक तळ आहे. सुमारे 330 व्होल्टच्या खाली, अंतर कितीही योग्य निवडले तरी, केवळ दाबाच्या बळावर ठिणगी पडत नाही.

आता प्लाझ्मा कटर पाहावा. त्याच्या मुख्य शक्तिपुरवठ्याचा, भार नसतानाचा दाब सामान्यतः 200 ते 300 व्होल्टच्या आसपास असतो. म्हणजे हे यंत्र स्वतःच्या मुख्य दाबाने मिलिमीटरभर हवाही ओलांडू शकत नाही. आर्क सुरू करणे ही वेगळी कला आहे आणि आर्क चालू ठेवणे ही वेगळी.

तांबरमच्या गाडीचे कोडेही येथेच सुटते. 1,500 व्होल्टचा दाब नुसत्या हवेतून अर्धा मिलिमीटरही उडी मारू शकत नाही. परंतु तेथे उडी मारावीच लागत नाही. तार आणि पँटोग्राफ आधी एकमेकांना टेकलेले असतात, त्यांतून प्रवाह वाहत असतो आणि मग ते दूर होतात. शेवटच्या बारीकशा संपर्कबिंदूवर सगळा प्रवाह एकवटतो, धातू तापतो, त्याची वाफ होते, ती वाफ आयनित होते आणि प्रवाह त्या वाफेतून वाहत राहतो. ही उडी मारलेली ठिणगी नसून ओढून लांबवलेली प्रज्योत असते. एकदा जन्मल्यावर ती कित्येक सेंटिमीटर ताणली जाते.

एकदिश प्रवाहात ती अधिक चिवट असते. प्रत्यावर्ती प्रवाह 50 हर्ट्झला दर सेकंदास 100 वेळा शून्यातून जातो आणि प्रत्येक शून्य ही प्रज्योत विझण्याची संधी असते. एकदिश प्रवाहात अशी संधी येत नाही. म्हणून त्या काळच्या स्विचांत चुंबकीय क्षेत्राने प्रज्योत बाजूला फुंकून तिला लांब, थंड आणि अशक्त करावे लागे. बीच-तांबरम मार्ग 1967 मध्ये 25,000 व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर गेला. त्यामागचे मुख्य कारण कमी प्रवाहात अधिक शक्ती वाहून नेण्याचे होते. मुंबईच्या हार्बर मार्गाने मात्र आपला 1,500 व्होल्टचा एकदिश प्रवाह 2016 पर्यंत सांभाळला. प्लाझ्मा कटर एकदिश प्रवाह मागतो तो याच गुणासाठी. तेथे प्रज्योत अखंड जळत राहणे हेच हवे असते.

▪ टेकवा आणि ओढा

प्रज्योत पेटवण्याची सर्वांत जुनी रीत हीच आहे. सेंट पीटर्सबर्गमध्ये वसिली पेत्रोव यांनी 1802 मध्ये तांबे आणि जस्त यांच्या 4,200 चकत्यांची प्रचंड व्होल्टा-चिती रचली, कोळशाचे दोन तुकडे जवळ आणून दूर केले आणि त्यांच्यामध्ये डोळे दिपवणारा प्रकाश पाहिला. या प्रकाशाने धातू वितळवता येतील, हेही त्यांनी नोंदवले. 1803 मध्ये त्यांचे पुस्तक रशियन भाषेत प्रसिद्ध झाले. पश्चिम युरोपला त्याचा पत्ता लागला नाही आणि कित्येक दशके ते विस्मृतीत गेले. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हम्फ्री डेव्ही यांनी 1810 च्या सुमारास 2,000 घटांच्या विद्युत् घटमालेवर हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून दाखवला. आडव्या कार्बनांमधली तापलेली हवा वर उचलली जाई आणि ज्योत कमानीसारखी वाके. आर्क हे नाव या कमानीवरूनच रूढ झाले.

दिवा म्हणून प्रज्योत वापरायची झाली, तेव्हा ती पेटवण्याचा प्रश्न व्यावहारिक बनला. पावेल याब्लोचकोव यांच्या 1876 च्या 'मेणबत्ती'त कार्बनच्या दोन कांड्या शेजारी-शेजारी उभ्या असत आणि त्यांच्या टोकांवर वाहक पदार्थाची एक बारीक पट्टी बसवलेली असे. प्रवाह सुरू होताच पट्टी जळून जाई आणि तिच्या जागी प्रज्योत उभी राही. 1878 मध्ये पॅरिसचा ऑपेरा मार्ग या मेणबत्त्यांनी उजळला. पण ही मेणबत्ती मध्येच विझली, तर पुन्हा पेटत नसे, कारण पेटवणारी पट्टी एकदाच उपयोगी पडणारी होती. प्रज्योतीच्या इतिहासातील 'पेटत नाही' या तक्रारीचे हे एक ठळक जुने उदाहरण होय.

नंतरच्या दिव्यांनी यावर साधा उपाय काढला. दिवा बंद असताना दोन्ही कार्बन एकमेकांना टेकलेले ठेवायचे. प्रवाह सुरू झाला, की तोच प्रवाह एका विद्युत् चुंबकाला जागवी आणि चुंबक वरचा कार्बन थोडा उचली. टेकवणे आणि ओढणे या दोन्ही क्रिया यंत्राने स्वतःच कराव्यात, ही कल्पना येथे पक्की झाली. शंभर वर्षांनंतर ती पुन्हा अवतरणार होती.

▪ हर्था एर्टन यांनी ऐकलेली शीळ

प्रज्योतीचे दिवे आणखी एका गोष्टीसाठी बदनाम होते. ते अचानक फुसफुसत, शीळ घालत आणि लुकलुकत. या त्रासाची शास्त्रीय चिकित्सा हर्था एर्टन यांनी केली. त्यांचे पती विल्यम एर्टन हे 1868 मध्ये भारताच्या सरकारी तार खात्यात रुजू झाले होते. तेथे लुई श्वेंडलर यांच्यासह त्यांनी तारेच्या लांबलचक मार्गात दोष नेमका कोठे आहे, हे मोजमापांवरून शोधण्याची पद्धत बसवली. बिघाडाचे स्थान अंदाजाने सांगू नये, मोजून सांगावे, ही शिस्त त्या घरात होती.

हर्था यांनी प्रज्योतीची लांबी, प्रवाह आणि दाब यांची शेकडो मोजमापे घेतली. त्यांतून निघालेला निष्कर्ष प्रथमदर्शनी विचित्र वाटतो. तारेत प्रवाह वाढवला, तर तिच्या टोकांमधला दाब वाढतो. प्रज्योतीत प्रवाह वाढवला, तर दाब उतरतो. अधिक प्रवाहाने ती अधिक तापते, अधिक आयनित होते आणि तिची वाट अधिक मोकळी होते. म्हणून प्रज्योतीला लगाम लागतो. प्रवाहाला आवर घालणारा रोध किंवा तसा शक्तिपुरवठा नसेल, तर ती एक तर बेफाम होते किंवा विझते. याउलट लांबी वाढली, की दाबही अधिक लागतो. पुरवठ्याकडे तेवढा दाब नसेल, तर प्रज्योत तुटते.

शिळेचे कारणही त्यांनी शोधले. प्रवाह फार वाढला, की धन कार्बनाच्या टोकावरचा खळगा टोकाच्या कडेबाहेर पसरतो आणि हवेतील ऑक्सिजन थेट तापलेल्या कार्बनापर्यंत पोचतो. तो तेथे जळू लागला, की दाब एकदम उतरतो आणि शीळ सुरू होते. 1899 मध्ये ब्रिटनच्या विद्युत् अभियंत्यांच्या संस्थेपुढे हा निबंध त्यांनी स्वतः वाचला. असे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षी त्या संस्थेच्या पहिल्या स्त्री-सदस्यही झाल्या. रॉयल सोसायटीत मात्र 1901 मध्ये त्यांचा निबंध जॉन पेरी यांना वाचावा लागला. 1902 मध्ये त्यांचे 'द इलेक्ट्रिक आर्क' हे पुस्तक आले. त्याच वर्षी सोसायटीच्या सदस्यत्वासाठी आलेला त्यांच्या नावाचा प्रस्ताव, विवाहित स्त्री कायद्याने सदस्य होऊ शकत नाही, या कारणावरून फेटाळला गेला. 1906 मध्ये त्याच सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिले.

टॉर्चमधील झिजलेला इलेक्ट्रोड, त्याच्या टोकावरचा खोल खळगा आणि बिघडलेला आवाज यांचा संबंध आजचा कुशल कारागीर कानाने ओळखतो. त्या ओळखीला शास्त्राचे रूप एर्टन यांनी दिले.

▪ रेडिओची ठिणगी कारखान्यात

टेकवण्याची रीत वितळजोडकामात म्हणजे वेल्डिंगमध्ये सहज रुळली. कांडी घासली, उचलली, आर्क पडला. अडचण आली ती टंगस्टनच्या इलेक्ट्रोडपाशी. अमेरिकेत रसेल मेरेडिथ यांनी हेलियम वायूच्या आवरणात टंगस्टन इलेक्ट्रोड वापरण्याची पद्धत विकसित केली आणि 1942 मध्ये तिचे पेटंट मिळाले. मॅग्नेशियमसारखे चटकन पेट घेणारे धातू त्यामुळे जोडता येऊ लागले. पण टंगस्टन कामाला टेकले, तर टोक बिघडते आणि त्याचे कण सांध्यात अडकतात. न टेकवता आर्क पेटवण्याची गरज येथून तीव्र झाली.

उपाय रेडिओच्या बालपणातून आला. हाइन्रिख हर्ट्झ यांनी 1880 च्या दशकाच्या अखेरीस ठिणगीने विद्युत् चुंबकीय तरंग निर्माण केले. कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी 1890 च्या दशकात अशाच तरंगांनी दूरवरची घंटा वाजवून दाखवली. उच्च दाबाचा रोहित्र, धारित्र, ठिणगीसाठी सोडलेली फट आणि तारेचे वेटोळे एवढी या प्रेषकाची सामग्री होती. निर्वात नळ्या आल्यावर बिनतारी संदेशवहनात ठिणगीचे प्रेषक मागे पडले. तेच मंडल आर्क पेटवणाऱ्या यंत्रात टिकून राहिले. काही हजार व्होल्टचे उच्च कंप्रतेचे स्पंद फटीतली हवा आयनित करतात आणि त्या वाटेने मुख्य एकदिश प्रवाह शिरतो.

या वारशाचा दोषही बरोबर आला. प्रेषक तो शेवटी प्रेषकच. त्याच्या तरंगांनी जवळचे संगणक, मोजमापाची साधने आणि संगणकनियंत्रित टेबलांचे विद्युत् मंडल गोंधळून जाते. टॉर्च पेटवताच टेबल भलतीकडे सरकले, तर यंत्रमानवाला भूत लागलेले नसते. त्या शेडमध्ये एक छोटे रेडिओ केंद्र सुरू झालेले असते.

▪ अरुंद तोंडातून

1955 मध्ये युनियन कार्बाइड कंपनीच्या लिंडे विभागातील रॉबर्ट गेज यांनी टंगस्टनच्या प्रज्योतीला थंड ठेवलेल्या तांब्याच्या अरुंद तोंडातून जाण्यास भाग पाडले. 1957 मध्ये त्यांना अमेरिकेचे पेटंट क्रमांक 2806124 मिळाले. अरुंद तोंडात प्रज्योत आक्रसते, तिची घनता आणि तापमान वाढते, वायू वेगाने बाहेर फेकला जातो आणि वितळलेला धातू उडवून लावतो. तापमान 20,000 अंश सेल्सिअसच्या घरात जाते. सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,500 अंश असते.

एवढ्या तापमानाला वायूचे रेणू फुटून इलेक्ट्रॉन आणि आयन यांचे मिश्रण होते. इर्व्हिंग लँगम्यूर यांनी 1928 मध्ये अशा मिश्रणाला प्लाझ्मा हे नाव दिले. मराठी परिभाषेत त्याला आयनद्रायू म्हणतात. त्याआधी 1920 मध्ये मेघनाद साहा यांनी दिलेल्या तापमानाला वायूचा किती अंश आयनित होईल, याचे समीकरण ताऱ्यांसाठी मांडले होते. टॉर्चच्या तोंडातील वायूलाही तेच समीकरण लागू पडते.

या शोधाची गरज कोणाला होती? गॅस कटर लोखंड कापतो, कारण लोखंड ऑक्सिजनमध्ये जळते आणि त्याचे ऑक्साइड पातळ होऊन वाहून जाते. स्टेनलेस पोलादातील क्रोमियमचे ऑक्साइड 2,400 अंशांच्या वर वितळते. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, तर त्याचे ऑक्साइड 2,000 अंशांच्या वर. हे हट्टी ऑक्साइड कापाचे तोंड बंद करते. प्लाझ्माला धातूच्या ज्वलनाची गरज नसते, वीज वाहणारा कोणताही धातू तो वितळवून उडवतो. चेन्नईच्या पेरांबूर येथील इंटिग्रल कोच फॅक्टरी 1955 मध्येच सुरू झाली. 2018 च्या जानेवारीत तिने जुन्या पद्धतीच्या सौम्य पोलादी डब्यांचे उत्पादन थांबवले आणि स्टेनलेस पोलादाच्या डब्यांचे युग पूर्णपणे सुरू झाले. अशा धातूंच्या कापणीत प्लाझ्मा आणि लेसर यांना पर्याय उरत नाही.

▪ हाफ्नियमचा ठिपका

सुरुवातीचे प्लाझ्मा कटर आर्गॉन, हायड्रोजन, नायट्रोजन असे वायू वापरत. 1960 च्या दशकात साधी दाबाची हवा वापरण्याचे प्रयत्न फळास आले. हवा फुकट मिळते, पण तिच्यातील ऑक्सिजन तापलेले टंगस्टन पाहता पाहता खाऊन टाकतो. म्हणून तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकात हाफ्नियमचा एक छोटा तुकडा बसवला जाऊ लागला. हाफ्नियमवर तयार होणारा ऑक्साइड आणि नायट्राइडचा थर चिवट असतो आणि तापल्यावर इलेक्ट्रॉनही सोडतो.

हे मूलद्रव्य 1923 मध्ये कोपनहेगन येथे डर्क कोस्टर आणि जॉर्ज हेवेशी यांनी शोधले. निसर्गात ते झिर्कोनियमला चिकटूनच सापडते. अणुभट्टीसाठी झिर्कोनियम हाफ्नियममुक्त असावे लागते, कारण हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतो. त्यामुळे अणुउद्योगाने ज्याला बाहेर काढले, ते कापणीच्या टॉर्चच्या टोकावर येऊन बसले. तमिळनाडूच्या दक्षिण टोकाला मनवालकुरिची येथील समुद्रवाळूतून झिर्कॉन खनिज मिळते आणि प्रत्येक झिर्कॉनच्या कणात थोडा हाफ्नियम असतो.

प्रत्येक वेळी आर्क पेटला आणि विझला, की हाफ्नियमचा सूक्ष्म अंश उडून जातो आणि टोकावर खळगा पडत जातो. सतत कापण्यापेक्षा वारंवार पेटवण्याने इलेक्ट्रोड लवकर झिजतो. खळगा साधारण 1 ते 1.5 मिलिमीटर खोल झाला, की आर्क पेटणे अनिश्चित होते. त्यापुढे आर्क तांब्यावर सरकतो आणि इलेक्ट्रोडबरोबर नोझलही जाते.

▪ बटण दाबल्यानंतर काय घडते

बिघाड शोधताना हा सारा इतिहास एका क्रमात उतरतो. बटण दाबल्यावर प्रथम हवा सुटते. मग इलेक्ट्रोड आणि नोझल यांच्यामध्ये पथदर्शक प्रज्योत म्हणजे पायलट आर्क पेटतो. हवा त्याला नोझलबाहेर ज्योतीसारखी फुंकते. ही ज्योत कामाच्या धातूला लागली, की प्रवाहाला काम, अर्थ क्लॅम्प आणि यंत्र अशी सोपी वाट मिळते. यंत्राला हे जाणवते, नोझलकडची वाट तोडली जाते आणि मुख्य आर्क कामावर स्थिरावतो. साखळी कोणत्या कडीपाशी तुटते, हे पाहिले की कारणांची यादी आखूड होते.

▸ हवाच सुटत नाही, किंवा सुटून लगेच बंद होते. येथे विजेच्या भागांकडे वळण्याआधी दाब, हवेची नळी, गाळणी आणि टॉर्चचे टोपण पाहावे. टोपण नीट बसले नसेल, तर सुरक्षा-स्विच यंत्राला पुढे जाऊ देत नाही. तो यंत्राचा दोष नसून कारागिराच्या बोटांचे रक्षण आहे.

▸ हवा सुटते, पायलट आर्क पडत नाही. इलेक्ट्रोड आणि नोझल प्रथम काढून पाहावेत. खळगा खोल आहे का, नोझलचे भोक गोल राहिले आहे का, हवेला भोवरा देणारी कडी तडकली आहे का? हे सुटे भाग स्वस्त असतात आणि पुष्कळदा दोष त्यांच्यातच सापडतो. ते ठीक असतील, तरच उच्च कंप्रतेच्या मंडलातील ठिणगीची फट, टॉर्चची केबल आणि पायलट आर्कचा रिले यांकडे जावे. हवेचा दाब प्रमाणाबाहेर जास्त असला, तरीही कोवळा पायलट आर्क फुंकून विझतो.

▸ पायलट आर्क पडतो, पण कामावर उतरत नाही. येथे अर्थ क्लॅम्प हा पहिला संशयित. रंग, गंज किंवा गिरणीतून आलेली काळी पापडी यांवर लावलेला क्लॅम्प दिसायला घट्ट आणि विजेच्या दृष्टीने तुटलेला असू शकतो. घासून चकाकणाऱ्या धातूवर तो लावावा. टॉर्च कामापासून फार उंच धरली असेल, तर ज्योत तेथवर पोचत नाही.

▸ आर्क उतरतो आणि लगेच तुटतो. येथे एर्टन यांचा नियम आठवावा. प्रज्योत लांबली, तर दाब अधिक लागतो. पुरवठ्याचा दाब उतरला असेल, तीनपैकी एक फेज गेली असेल, लांब आणि बारीक एक्स्टेंशन केबल जोडली असेल, तर यंत्राकडे तो जास्तीचा दाब उरत नाही. धातूची कडा संपली किंवा टॉर्चची गती जुळली नाही, तरी हेच घडते.

या क्रमात एक पायरी अलिखित असते आणि तीच सर्वांत महत्त्वाची आहे. टॉर्च उघडण्यापूर्वी यंत्राचा मुख्य पुरवठा बंद करावा. 200-300 व्होल्टचा एकदिश दाब प्राणघातक ठरू शकतो आणि आतील धारित्रे पुरवठा तोडल्यावरही काही काळ भारित राहतात. उच्च कंप्रतेच्या मंडलाला हात लावणे हे प्रशिक्षित तंत्रज्ञाचेच काम आहे.

▪ दमट हवेचा हिशेब

किनारपट्टीच्या शहरात या यादीला आणखी एक कारण जोडावे लागते. चेन्नई परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबर हा ईशान्य मोसमी पावसाचा काळ असतो आणि एरवीही समुद्राची हवा कोरडी नसते. 30 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरू शकते. सापेक्ष आर्द्रता 80 टक्के असेल, तर तिच्यात सुमारे 24 ग्रॅम बाष्प असते. कॉम्प्रेसरने ती वातावरणाच्या 7 पट दाबाला नेली आणि ती पुन्हा 30 अंशांपर्यंत थंड झाली, तर तिचे आकारमान एक सप्तमांश उरते आणि तेवढी जागा फक्त सव्वाचार ग्रॅम बाष्प धरू शकते. उरलेले सुमारे 20 ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडते.

एखादी टॉर्च मिनिटाला 180 लिटर हवा घेत असेल, तर तासाला जवळपास 11 घनमीटर हवा लागते, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम पाणी. एक पेलाभर पाणी दर तासाला कोठे तरी जातेच. टाकीच्या तळाची तोटी रोज उघडली नाही, गाळणी आणि शुष्कक लावला नाही, तर ते टॉर्चमध्ये जाते. तेथे आर्क अडखळतो, थुंकल्यासारखा आवाज येतो, हाफ्नियम झपाट्याने झिजते आणि नवा इलेक्ट्रोड काही तासांत जुना होतो. महागडे मंडल बदलून हा दोष जात नाही. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या कारखान्यांनाही हाच हिशेब लागू आहे.

▪ जुनी रीत नव्या वेषात

1980 च्या दशकात दोन घटना एकमेकींना भेटल्या. मद्रासमध्ये जन्मलेले आणि 1969 मध्ये गिंडीच्या आयआयटी मद्रासमधून विद्युत् अभियांत्रिकीची पदवी घेतलेले बी. जयंत बालिगा यांनी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत असताना आयजीबीटी नावाचा अर्धवाहक स्विच विकसित केला. बीच-तांबरम मार्गावरच गिंडी हे स्थानक आहे. मोठा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करणाऱ्या या स्विचमुळे वेल्डिंग आणि कापणीची अवजड यंत्रे हातात उचलण्याइतकी हलकी झाली. त्याच जातीचे स्विच आज विजेच्या रेल्वेगाड्यांच्या मोटारीही चालवतात. 2024 मध्ये बालिगा यांना फिनलंडचे मिलेनियम तंत्रज्ञान पारितोषिक मिळाले.

हलक्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला उच्च कंप्रतेच्या ठिणगीचा शेजार मात्र सोसवेना. त्यामुळे त्याच दशकात पुढे आलेल्या संपर्कारंभाच्या टॉर्चला मागणी वाढली. तिच्यात बटण दाबण्यापूर्वी इलेक्ट्रोड नोझलला टेकलेला असतो. प्रवाह सुरू होतो, हवेचा दाब इलेक्ट्रोडला मागे ढकलतो आणि त्या दुराव्यात पायलट आर्क जन्मतो. विद्युत् चुंबकाच्या जागी हवा आली, एवढाच फरक. पेत्रोव आणि डेव्ही यांचे कोळसे, दिव्यातला उचलला जाणारा कार्बन, तांबरमच्या तारेपासून सुटणारा पँटोग्राफ आणि ही टॉर्च या सर्वांची क्रिया एकच आहे. म्हणून अशा टॉर्चमध्ये आर्क पडेना, तर ठिणगीची फट शोधण्यात अर्थ नसतो, कारण ती तेथे नसतेच. इलेक्ट्रोड मोकळेपणाने पुढे-मागे सरकतो का, धुळीने किंवा ओलाव्याने अडकला आहे का, हे आधी बोटाने पाहावे लागते. यंत्र कोणत्या पद्धतीने आर्क पेटवते, हे ठाऊक नसलेला माणूस नसलेल्या भागाचा शोध घेत बसतो.

प्रज्योतीचे हे शास्त्र भारतात प्रयोगशाळांतही जोपासले गेले आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात प्लाझ्मा टॉर्चवर दीर्घकाळ काम झाले आहे, गांधीनगरजवळ प्लाझ्मा संशोधन संस्था आहे आणि तिरुचिरापल्लीला वेल्डिंग संशोधन संस्था आहे. तरीही या शास्त्राची रोजची परीक्षा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्या तरुणाच्या हातात होते. त्याला मंडलाचा आराखडा पाठ असेल, पण हवा, पायलट आर्क, कामावर उतरणे आणि टिकणे हा क्रम उमगला नसेल, तर तो सुटे भाग बदलत राहील. क्रम उमगला असेल, तर बहुतेक वेळा त्याला आधी लागतील एक चिंधी, एक तारेचा ब्रश आणि कॉम्प्रेसरच्या तळाची तोटी.

#विज्ञानाचा_इतिहास #प्लाझ्मा #तांबरम